भिंतीतला पाझर

दिवाळीला आठ दिवस राहिले होते. धाकट्या भावाच्या नव्या घरी म्हातारे मिस्त्री आले, चपला दाराबाहेर काढल्या आणि हॉलच्या भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक करत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. छातीच्या उंचीला आवाज टणक येत होता. कमरेखाली तो ढब्ब झाला. तिथे त्यांनी करणीचं टोक लावून नुसतं रेटलं. हातभर गिलावा पापडासारखा सुटून खाली आला. मागची वीट ओलीकच्च होती, बांधकामाआधी हौदात भिजवून काढतात तशी.

"कवा आलं होतं पाणी?" त्यांनी विचारलं.

"मागच्या भादव्यात."

"मंग ते अजून गेलं कुठी?"

भाऊ काही बोलला नाही. मी हसलो, आणि मग मलाही बोलायला काही सुचेना. पाणी घरात होतं ते फार तर पाच तास. पहाटे उतरलं, दुपारी आम्ही चिखल उपसला, संध्याकाळी चहा केला. घरातून पाणी गेलं अशी आमची समजूत होती. ते वर्षभर भिंतीत होतं, रंगाच्या आड. या पुस्तिकेचं बीज मिस्त्रींच्या त्या प्रश्नात आहे.

शेंदूरजनाघाटच्या माणसानं पाण्यानं होणाऱ्या नुकसानीवर लिहावं, हे थोडं विनोदी आहे याची मला कल्पना आहे. सातपुड्याच्या पायथ्याचं हे गाव संत्र्याच्या कलमांवर जगतं. जंबेरीच्या खुंटावर बांधलेली इथली कलमं कुठल्याकुठे जातात आणि त्या रोपांना, बागांना पाणी लागतं. वरुड तालुका भूजलाच्या अतिउपशामुळे 'डार्क झोन' म्हणून ओळखला जातो. बोअर हजार फुटांच्या घरात गेलं तरी नुसती धूळ उडते, असे दिवस इथल्या प्रत्येक बागायतदाराने पाहिलेले आहेत. २०१६ मध्ये पहिली वॉटर कप स्पर्धा झाली तेव्हा सगळ्या महाराष्ट्रातून तीनच तालुके निवडले होते, कोरेगाव, अंबाजोगाई आणि आमचं वरुड. त्या उन्हाळ्यात माणसं पहाटे उठून टिकाव-फावडी घेऊन डोंगराच्या उतारावर चर खणायला गेली. पाणी अडावं, जिरावं, खाली यावं यासाठी. अशा मुलखात आमच्यापैकी कुणी म्हणालं की पाण्यानं माझी भिंत गेली, तर ऐकणारा आधी म्हणतो, "नशीबवान आहेस बाप्पा, पाणी तरी आलं."

पण पाणी जिरवायचं म्हणजे काय करायचं, हे नीट पाहिलं तर त्या विनोदातली हवा जाते. पाझर तलावाला कालवा नसतो, पाट नसतो. गळणं हेच त्याचं काम. बाहत्तरच्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीवर असे तलाव महाराष्ट्रभर झाले. पाळीच्या पोटात काळ्या मातीचा गाभा असतो, पण त्याखालचा खंदक साठवण तलावाइतका खोल नेत नाहीत, मुद्दाम. पाळीखालून पाणी निसटावं आणि खालच्या विहिरींना लागावं, असाच हिशेब असतो. भादव्यात खालच्या विहिरी तुडुंब होतात तेव्हा आपण म्हणतो, तलावाला चांगला पाझर आहे. त्याच भादव्यात तलावाच्या खालच्या अंगाच्या घरांत फरशीच्या सांध्यांतून ओल वर येते, तेव्हा म्हणतो, घराला पाझर फुटला. शब्द एकच, पाणीही एकच. जमिनीच्या पोटातल्या पाण्याला विहीर कुठली आणि पाया कुठला हे कळत नाही.

जुन्या माणसांना हे कळत होतं, आणि त्यांनी ते भाषेतच घालून ठेवलं. शेताला काळी म्हणायचं आणि गावठाणाला पांढरी. काळी पिकवायची, पांढरीवर राहायचं. पांढरी म्हणजे उंचवट्यावरची, शतकांच्या वस्तीने दबलेली, पाणी न धरणारी जागा. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की तिच्या भेगांत हात जातो. कपाशीला ती मानवते, घराला नाही. गेल्या तीस-चाळीस वर्षांत गावाची पांढरी भरली आणि ले-आउट काळीत पडू लागले. त्यातही गावच्या पाझर तलावाच्या बाजूच्या प्लॉटला भाव जास्त, कारण गार वारा येतो आणि विहिरीला पाणी लागतं. भावाने प्लॉट घेतला तेव्हा आम्ही दोघांनी कागद पाहिले, अकृषक परवाना पाहिला, रस्ता किती फुटी ते पाहिलं. प्लॉटच्या कोपऱ्यात वर्षभर हिरवी राहणारी लव्हाळ्याची बेटं होती, तीही पाहिली. शोभा म्हणून पाहिली.

घराजवळच्या पाण्याचा विषय निघाला की आमच्या भागात आधी मोवाडचं नाव येतं, आणि यायलाच हवं. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदी मोवाडमध्ये शिरली आणि २०४ माणसं गेली. नरखेड तालुक्यातलं हे गाव जिल्ह्याने नागपूरचं, पण वरुडकडच्या माणसाला ते शेजारचंच. गाव पुढे उंचावर, नव्या जागी वसवलं गेलं. मी शाळेत असताना मोवाडचे कुणी नातलग घरी आले की मोठी माणसं आवाज खाली करत. त्या दुःखाशी भिंतीच्या ओलीची तुलना करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. मोवाडचं नाव घेतो ते एवढ्यासाठी, की त्या एका पहाटेने आमच्या मनात पाण्याच्या नुकसानीचं एकच चित्र पक्कं केलं, घर वाहून जाणं. घर उभं राहून आतून सडत जाणं हे त्या चित्रात बसत नाही, म्हणून आम्ही त्याला नुकसान म्हणत नाही.

दुसरं उदाहरण अलीकडचं आणि या पुस्तिकेच्या जास्त जवळचं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरच्या अंबाझरी तलावाचं पाणी सांडव्यावरून धो-धो उतरलं. तीन-चार तासांत शहरात शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता. नाग नदीत ते पाणी मावेना आणि अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी या चांगल्या, सिमेंट-काँक्रीटच्या वस्त्यांत ते माणूसभर चढलं. चार जण दगावले. दहा हजारांच्या आसपास घरांचं नुकसान झाल्याचं सरकारने सांगितलं आणि घरटी दहा हजार रुपयांची तातडीची मदत जाहीर केली. आदल्याच दिवशी महालक्ष्म्यांचं पूजन झालेलं. कितीतरी घरांत महालक्ष्म्या उभ्या होत्या, फुलोरा टांगलेला होता, आणि रात्री दोन-तीनच्या सुमाराला कॉटवरून पाय खाली सोडावा तो पाण्यात. सांडव्यापुढच्या बांधकामाचा प्रश्न मग उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. ते सगळं वर्तमानपत्रांत आलेलं आहे. मला तिथल्या ओळखीच्या घरांत पुढच्या मार्चमध्ये जे दिसलं ते बातमीत येण्यासारखं नव्हतं. नव्या रंगाच्या भिंतीवर सोफ्याच्या पाठीमागे काळ्या बुरशीचा पट्टा, सागवानी दाराच्या चौकटीचा फुगून बसलेला पाय, आणि कपाटातल्या प्रत्येक साडीला एकच वास.

तलाव फुटतो तेव्हाची गोष्ट वेगळी. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, त्यानंतर खेकड्यांनी धरण पोखरलं असं विधान झालं आणि महाराष्ट्र बरेच दिवस हसला. हसण्याचं कारण समजण्यासारखं होतं. पण मातीच्या पाळीला खेकडे, उंदीर आणि झाडांची मुळं बिळं पाडतात हे खरंच आहे, आणि म्हणूनच तर पाळीवर झाडं वाढू द्यायची नसतात आणि दर पावसाळ्याआधी तिच्यावरून चालत जायचं असतं. खेकड्याला दोष देण्यापूर्वी त्याचं बीळ पाहायला कुणी गेलं होतं का, एवढंच विचारायचं. आमच्या गावच्या तलावाच्या पाळीवर बाभळी अशा वाढल्या आहेत की बकऱ्यांची सोय झाली आहे.

आता आमच्या घराकडे येतो, कारण चूक आमची होती आणि ती नीट सांगितल्याशिवाय पुढची पानं पटणार नाहीत.

पाणी आलं त्या रात्री तलाव फुटला वगैरे नव्हता. सांडव्याचा नाला पुढे एका पुलाखाली गाळाने आणि प्लास्टिकने तुंबला आणि पाण्याने ले-आउटचा रस्ता धरला. घरात दीड-दोन फूट. दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला. पंचनाम्याला आलेली माणसं सज्जन होती. त्यांनी भिंत पडली का विचारलं. नाही पडली. तडा? नाही. मग लिहिणार काय? त्यांच्याही हातात फार नसतं. २०२२ ते २०२६ साठीच्या आपत्ती मदतीच्या निकषांत सपाट भागातलं घर पूर्ण पडलं तर एक लाख वीस हजार रुपये होते. अंशतः पडझड किमान पंधरा टक्के असेल तर पक्क्या घराला साडेसहा हजार, कच्च्याला चार हजार. ओल किती टक्के, याचा रकाना नव्हता. कपडे आणि भांड्यांसाठीची मदतही घर दोन दिवसांहून जास्त पाण्यात असेल तर. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला तेव्हा याच दोन दिवसांच्या अटीवरून लोक भडकले होते. सतरा तास बुडालेल्या गादीत आणि पन्नास तास बुडालेल्या गादीत काय फरक असतो, ते त्या गादीवर झोपणाऱ्याला विचारावं.

मदत मिळणार नाही म्हटल्यावर आम्ही जिद्दीला पेटलो. दिवाळीपूर्वी घर नव्यासारखं करायचं. ओळखीच्या एका ठेकेदाराने चार फुटांपर्यंत जुना गिलावा खरवडला, सिमेंटचा नवा, जाड, वॉटरप्रूफ पावडर घातलेला गिलावा केला, खाली फूटभर टाइल्सची पट्टी लावली, वर डिस्टेंपर. लक्ष्मीपूजनाला घर इतकं चकचकीत दिसत होतं की पाहुणे म्हणाले, पूर आला होता हे सांगावं लागेल.

पुढच्या होळीला पाच फुटांवर पोपडे आले. पाणी आलं दोन फूट, ओल चढली पाच फूट! आम्ही रंगाच्या कंपनीला शिव्या दिल्या.

यात रंगाचा दोष नव्हता. वीट पाणी पिते, आणि ते तिच्या बारीक छिद्रांतून वर चढतं, दिव्याच्या वातीतून तेल चढतं तसं. चढताना वाटेत बाहेर पडायला जागा मिळाली तर तिथून उडून जातं. चुन्याच्या किंवा मातीच्या गिलाव्यातून ते उडतं. सिमेंटचा घट्ट गिलावा आणि टाइल लावून आम्ही खालची सगळी दारं बंद केली, तेव्हा पाणी दार शोधत वर गेलं. जाताना जमिनीतले क्षार बरोबर घेऊन गेलं. पाणी उडालं, क्षार मागे उरले, त्यांचे स्फटिक गिलाव्याच्या आत वाढले आणि त्याला बाहेर ढकलू लागले. याला लोणा लागणं म्हणतात. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, अकोला-दर्यापूरकडे, लोणा न लागलेली जुनी भिंत शोधावी लागते. तिथल्या लोकांना पुराचीही गरज नाही, पावसाळा पुरतो.

मिस्त्रींनी आम्हाला हिशेब सांगितला तो इंजिनिअरच्या पुस्तकातही सापडतो. भिंत महिन्याला इंचभर वाळते. नऊ इंची भिंत दोन्ही अंगांनी मोकळी असेल तर साडेचार महिने, एकाच अंगाने असेल तर नऊ. तेही हवा कोरडी असेल तर. सप्टेंबरच्या दमट हवेत घरातली ओल बाहेर जाणार कुठे? बाहेरही तीच. वऱ्हाडात भिंत खरी वाळते ती दसऱ्यानंतरच्या उन्हात आणि मग एप्रिल-मेच्या भट्टीत. ज्या उन्हाला आम्ही जन्मभर शिव्या घालतो, ते या एका कामाला देवासारखं असतं. पण आपलं घराचं पंचांग उलटं चालतं. पोळा, गणपती, महालक्ष्म्या, दसरा, दिवाळी हे सगळं पुराच्या मागोमाग येतं आणि सणाला घर पोपडे काढून उघडंवाघडं ठेवणं कुणाला आवडत नाही. शेजारी काय म्हणतील, सोयरे काय म्हणतील. अर्धं नुकसान पाणी करतं, उरलेलं अर्धं आपण दिवाळीसाठी करतो, असं मला आता वाटतं. ओल्या घरात त्या वर्षी नुसता चुना मारावा. चुन्यातून भिंत श्वास घेते, बुरशीलाही तो सोसत नाही, आणि पुढच्या वर्षी खरवडून टाकता येतो.

आजी पोतारा द्यायची. पांढरी माती कालवून, जुन्या धोतराच्या बोळ्याने, दर सणाला. तेव्हा वाटायचं गरिबी आहे म्हणून रंग नाही. ते घर दीड हात रुंदीच्या मातीच्या भिंतींचं होतं, पण खाली कमरेइतकं दगडी जोतं. माती पाण्यात बसली की विरघळते हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ती पाण्याच्या उंचीवरच सुरू केलेली. भावाच्या घराचं जोतं रस्त्यापासून सव्वा फूट होतं. मग नगरपरिषदेने रस्त्यावर दोनदा काँक्रीट घातलं आणि ते अर्ध्या फुटावर आलं.

सगळ्यात लाज वाटते ती एका गोष्टीची. आम्ही बागायतदार. संत्र्याच्या बुंध्याशी पाणी साचलं की डिंक्या येतो, साल फुटून डिंक ओघळतो आणि झाड हळूहळू जातं, हे इथल्या पोरासोरांना माहीत आहे. म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर बुंध्याला कमरेपर्यंत बोर्डो मलम लावतो. किलोभर मोरचूद, किलोभर चुना, दहा लिटर पाणी. बागेतून पाणी निघावं म्हणून ओळींमधून चर काढतो. झाडाचे पाय कोरडे राहिले पाहिजेत हे बापाने शिकवलं. त्याच हातांनी आम्ही घराभोवती सिमेंटचं अंगण केलं, आणि त्याचा उतार भिंतीकडे आला. पाहिलासुद्धा नाही.

पुढच्या पानांत काय आहे ते थोडक्यात. घरात पाणी येऊन गेल्यावर पहिल्या दिवशी काय करायचं, यावर एक प्रकरण आहे. आत पाय टाकण्याआधी मेन स्विच बंद, सिलिंडर बाहेर, आणि गादी उचलण्याआधी तिच्याखाली काठी फिरवायची, कारण पुरात सापा-विंचवांनाही कोरडी जागा हवी असते. विहिरीत ब्लीचिंग पावडर. भिजलेलं धान्य वाळवून खायचा मोह होतो तो टाळायचा. त्यावरची बुरशी चाळणीने जात नाही. चिकटलेले फोटो ओढून सोडवायचे नाहीत, स्वच्छ पाण्यात सोडून आपोआप सुटू द्यायचे. लग्नाच्या अल्बमवरून आमच्याकडे रडारड झाली आहे, म्हणून हे जरा विस्ताराने लिहिलं आहे. आणि आपल्या वऱ्हाडी घरातला कूलर हा भिंत वाळवायला उत्तम पंखा आहे, मात्र त्याच्या ताट्या काढून, टाकी कोरडी ठेवून आणि तोंड खिडकीबाहेर करून. एका घरी मी पाणी भरलेला कूलर ओल्या भिंतीवर रात्रभर सोडलेला पाहिला. घरातली म्हातारी म्हणत होती, "गार तं लई झालं."

विम्याचं प्रकरण लहान आहे, पण ते सोडून देऊ नका. एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांना घरासाठी 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात पूर आणि पाणी शिरणं धरलेलं आहे. हळूहळू आलेली ओल मात्र अपघातात मोडत नाही, म्हणून पाण्याची रेघ भिंतीवर ताजी असेपर्यंत फोटो काढायचे, शेजारी मोजपट्टी धरून. प्लॉट घेण्यावरचं प्रकरण भावाच्या आग्रहाने घातलं. जलसंपदा विभाग मोठ्या नद्यांना निळी आणि लाल पूररेषा आखून देतो, पंचवीस वर्षांतल्या आणि शंभर वर्षांतल्या पुराची. तलावाखालच्या नाल्याला अशी रेघ सहसा नसते. तिथे लव्हाळा पाहायचा, शेजारच्या जुन्या विहिरीत भादव्यात पाणी किती हातांवर आहे ते पाहायचं आणि सांडव्याचं तोंड कुठे आहे ते स्वतः चालत जाऊन बघायचं. दलाल बरोबर नको.

या माहितीतला मोठा वाटा मिस्त्रींचा, आमच्या ले-आउटमधल्या बायकांचा आणि दोन-तीन इंजिनिअर मित्रांचा आहे. बायकांचं मुद्दाम सांगतो, कारण कुठली भिंत ओली आहे हे त्यांना आमच्या आधी कळलं होतं. भावजय सहा महिने सांगत होती की मसाल्याच्या डब्याखाली बोट लावलं तर थंड लागतं. आम्ही तिला म्हणत होतो, रंग नवीन आहे.

मिस्त्री आले त्या दिवाळीला घराला रंग झाला नाही. दोन्ही अंगांचा सिमेंटचा गिलावा पाच फुटांपर्यंत काढला आणि विटा तशाच उघड्या ठेवल्या. लक्ष्मीपूजनाचा पाट त्या विटांसमोर मांडला. अंगणाचं काँक्रीट भिंतीपासून दोन फूट फोडून तिथे चर घेतला आणि गिट्टी भरली. उन्हाळा लागला तेव्हा मिस्त्रींनी सांगितलेली परीक्षा सुरू केली. हातभर रुंद प्लास्टिकचा तुकडा विटांवर ठेवायचा, चारी कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि दोन दिवसांनी बघायचं. आतून दव धरलं तर भिंत अजून ओली.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी हॉलच्या तिन्ही भिंतींचे तुकडे कोरडे निघाले. चौथा तुकडा तलावाच्या बाजूच्या, स्वयंपाकघराच्या भिंतीवर होता. रंगवाला डबे घेऊन दारात उभा होता. भावजयीने वाकून प्लास्टिकच्या आत पाहिलं, खालच्या कडेला ओळीने सहा-सात थेंब होते. तिने रंगवाल्याला चहा दिला आणि दसऱ्यानंतर यायला सांगितलं.